दारुड्या पाद्र्याला नाव का नाही?

सीताबर्डीकर

नमस्कार मंडळी. नागपुरात पारा ४५ च्या आसपास आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून कूलरपुढे बसून ग्रॅहॅम ग्रीनची 'द पॉवर अँड द ग्लोरी' तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात परीक्षेपुरती वाचली होती, दुसऱ्यांदा तिशीत, आता पन्नाशीत. धरमपेठेत आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे, तिथे रविवारी मला या पुस्तकावर बोलायचंय, त्याआधी इथे डोकं मोकळं करतो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १९४० ची. मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या एका राज्यात चर्चेस पाडलीत, पाद्र्यांनी लग्न करायचं नाहीतर निघून जायचं, नाहीतर गोळी. दारूवरही बंदी. एकच पाद्री उरलाय, गावोगाव लपत फिरतो, आणि तो काही संत-महात्मा नाही. ब्रँडीचं व्यसन, एका खेड्यात त्याची सहा-सात वर्षांची मुलगी, आणि भित्रा इतका की स्वतःच्या भीतीचीच त्याला लाज वाटते. मागे लागलाय एक पोलीस लेफ्टनंट, तो मात्र निर्व्यसनी, प्रामाणिक, एका पैशाला न शिवणारा.

आता माझा प्रश्न. यातल्या बारीकसारीक पात्रांनाही नावं आहेत. डेंटिस्ट टेंच, मारिया, तिची नि पाद्र्याची पोरगी ब्रिगिटा, कोरल नावाची इंग्रज मुलगी, लुइस नावाचा पोरगा, पळपुटा अमेरिकन गुंड काल्व्हर. पण ज्याची कादंबरी आहे त्या पाद्र्याला नाव नाही आणि लेफ्टनंटलाही नाही. का?

मला वाटतं लेखक त्याच्याकडून एकेक वस्तू काढून घेत जातो. उपवासाचे दिवस पाळणं सुटतं, प्रार्थनेचं पुस्तक मागे राहतं, वेदीचा दगड जवळ बाळगणं धोक्याचं म्हणून तोही टाकावा लागतो, मग पेटी उकिरड्यावर जाते. शेवटी जुन्या सुखाच्या दिवसांतल्या कागदांचा एक चुरगळलेला बोळा तेवढा मुठीत राहतो. नाव हे या यादीतलंच सगळ्यात आधी गेलेलं सामान, असं माझं मत. तुमचं सांगा. (पुढे शेवट उघड होणार आहे, वाचायची असेल तर इथेच थांबा.)

तर्रीपोहा

दादा, मी मागच्या मे मध्येच वाचली, मले तर पहिलं पान वाचतानाच घाम फुटला. ऊन, धूळ, छपरावर बसलेली गिधाडं, आन तो डेंटिस्ट त्या उन्हात इथरचा सिलिंडर शोधत निघते. हे पुस्तक डिसेंबरात वाचायचं नाहीच, गुलाबी थंडीत काही कळत नाही. नागपूरच्या मे मध्येच वाचा, एसी बंद करून 😄

नावाचं म्हनाल तर मले वाटते ज्याच्यावर इनाम लागलं त्याले नाव कोन ठेवते. सातशे पेसो, बस, तेच त्याचं नाव.

रानवाटा

तर्रीपोहा, गिधाडांचा विषय काढलात म्हणून थोडं अवांतर लिहितो. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात वीस-पंचवीस गिधाडं उतरायची. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅकमुळे ती संपली, २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली पण तोवर बहुतेक गेलेलीच होती. आज माझ्या पोरीला 'गिधाड छपरावर बसून वाट बघतंय' हे वाक्य चित्रपटातलं वाटतं. आमच्यासाठी तो रोजचा देखावा होता, आणि म्हणूनच मला ती गिधाडं प्रतीक वगैरे वाटत नाहीत. ग्रीनने त्यांना काही अर्थ चिकटवायचा प्रयत्न केलेला नाही, ती आहेत, त्यांना भूक आहे. टेंच त्यांच्याकडे काहीतरी भिरकावतो, एक उडतं, आणि नदीकडे, समुद्राकडे जातं. माणसांना त्या गावातून बाहेर पडता येत नाही पण गिधाडाला येतं, हे एवढंच त्यात आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

वसईची_मोनिका

धाग्यासाठी मनापासून आभार. मी मूळची वसईची, लग्नानंतर बारा वर्षं नागपुरात, सदरच्या कॅथेड्रलमध्ये मिस्साला, म्हणजे भाकर आणि वाईनच्या उपासनेला जाते. हे पुस्तक मला माझ्या धर्मगुरू मामांनी दिलं होतं, आणि देताना म्हणाले होते की हे वाचून तुला आमची कीव येईल आणि मग आदर वाटेल, आधी उलटं झालं तर परत वाच.

नावाच्या प्रश्नाचं माझ्याकडे एक उत्तर आहे, जरा लांब आहे पण ऐका.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत चर्चमध्ये मोठा वाद झाला होता. रोमन छळाच्या काळात जे बिशप आणि पाद्री घाबरून शरण गेले, त्यांनी दिलेले संस्कार खरे की खोटे? दोनातिस्ट म्हणायचे खोटे, अशुद्ध हातांनी दिलेलं अशुद्धच. संत ऑगस्टीनने उलटी बाजू घेतली की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो टिकत किंवा पडत नाही. कॅथलिक चर्चची शिकवण तीच राहिली. माझी आजी हे एका वाक्यात सांगायची, पोस्टमन पिऊन आला म्हणून मनीऑर्डर खोटी होत नाही.

या कादंबरीचा सगळा पेच यात आहे. तो स्वतः पापात आहे आणि त्याला पापनिवेदन ऐकायला दुसरा पाद्री नाही, म्हणजे तो इतरांना क्षमा देऊ शकतो पण त्याला ती द्यायला कोणी नाही. तरी त्याच्या थरथरत्या हातातली भाकर खरीच. आणि मिस्सामध्ये जेव्हा पाद्री 'हे माझे शरीर आहे' म्हणतो तेव्हा ते 'माझे' त्याचं नसतं, तिथे तो स्वतःच्या नावाने बोलतच नाही. मग अशा माणसाला लेखकाने नाव का द्यावं? सीताबर्डीकर दादा, तुम्ही म्हणता नाव आधी गेलं. मी म्हणते दीक्षा घेतली त्या दिवशी त्याने ते ठेवून दिलं होतं, आणि ते विसरून तो अनेक वर्षं गुबगुबीत, मानाने मिरवणारा फादर होऊन बसला. पोलीस ठाण्यात चिकटवलेला तो फोटो आठवा, पहिल्या कम्युनियनच्या समारंभातला, पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांमध्ये बसलेला.

शीर्षकही प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटातून आलंय, राज्य, पराक्रम आणि वैभव तुझंच आहे असं म्हणतात ते. तुझं, माझं नाही.

सीताबर्डीकर

मोनिकाताई, 'माझे त्याचं नसतं' हे वाचून मी दोन मिनिटं मोबाईल बाजूला ठेवला. रविवारी तुमच्या नावानिशी सांगणार, चालेल ना?

वसईची_मोनिका

चालेल की. मामांच्या नावाने सांगा, मी नुसती पोहोचवणारी 🙂

वर्ध्याचा_पोट्टा

आमच्या वर्ध्यात दारूबंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बाटली कशी हातोहात फिरते हेही माहीत आहे, त्यामुळे त्या हॉटेलातल्या खोलीचा प्रसंग मी आयुष्यात विसरणार नाही. मंडळी, त्याच्याइतका ताणलेला प्रसंग मी दुसरा वाचलेला नाही आणि त्यात कोणी कोणाला साधी थप्पडसुद्धा मारत नाही.

पाद्र्याला मिस्सासाठी द्राक्षाची वाईन हवी. बंदीच्या राज्यात ती मिळवायला तो एका भिकाऱ्याला धरतो, भिकारी त्याला गव्हर्नरच्या चुलतभावाकडे नेतो (म्हणजे बंदी घालणाऱ्याच्याच घरचा माणूस विकतो, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही). एक बाटली ब्रँडी, एक बाटली वाईन. सौदा झाला, पैसे संपले. आणि मग तो चुलतभाऊ म्हणतो, एक एक घोट घेऊ या ना. रीत आहे, नाही कसं म्हणणार. पाद्री ब्रँडी पुढे करतो, त्यांना वाईनच हवी. एक ग्लास, मग दुसरा, मग पोलीसप्रमुख येतो, त्यालाही द्यायलाच पाहिजे. बाटलीतली पातळी खाली खाली जाते आणि हा बघत बसतो. ब्रँडीवर मिस्सा होत नाही. शेवटी हा रडायला लागतो आणि त्या तिघांना वाटतं दारू चढली.

मी वाचताना मनात ओरडत होतो, अरे थोडी ठेवा रे. त्या बाटलीत काय संपत होतं हे खोलीत एकट्यालाच कळत होतं. तुम्ही म्हणता ना दादा वस्तूंची कादंबरी, तर ही घ्या वस्तू. नंतर राहिलेल्या ब्रँडीच्या बाटलीपायीच तो पकडला जातो, म्हणजे जी कामाची होती ती गेली आणि जी नको होती तिने तुरुंगात नेलं.

दातांचा_डॉक्टर

मी पेशाने दंतवैद्य, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच असतं, पण लिहितोच. या कादंबरीत दात किती आहेत हे कोणी मोजलं का? सुरुवात दंतवैद्यापासून. पाद्र्याचे दात किडलेले. त्याला धरून देणाऱ्या मेस्तिसोचे (म्हणजे मिश्र वंशाच्या माणसाचे) ओठांबाहेर डोकावणारे दोन पिवळे सुळे, त्याला नाव नाही पण ते सुळे हेच त्याचं ओळखपत्र. पोलीसप्रमुखाची दातदुखी, पहिल्यापासून शेवटपर्यंत ठणकते. ज्या राज्यात देव हद्दपार केला, आत्मा नाही असं जाहीर केलं, तिथे प्रत्येकाचं शरीर तोंडातून आतल्या आत सडतंय.

आणि मग तो मृत्युदंड. लेखकाने पाद्र्याच्या मनात शिरून तो क्षण सांगितला असता तर आपण रडलो असतो आणि विसरलो असतो. त्याने काय केलं, आपल्याला टेंचच्या खिडकीत उभं केलं. खुर्चीत पोलीसप्रमुख तोंड उघडून, दाढेत ड्रिल. त्या काळी वीज नसेल तिथे पायाने ड्रिल चालवायचे, फेरे कमी, त्यामुळे घासत घासत दात तापतो आणि ते किती दुखतं हे मला विचारा. बाहेर अंगणात एका बुटक्या माणसाला दोन शिपाई धरून आणताहेत, पाय त्याचे धड चालत नाहीत. काहीतरी एक शब्द बोलतो, नीट ऐकूही येत नाही. गोळ्या. भिंतीपाशी एक छोटासा ढीग. आणि खुर्चीतला माणूस दुखतंय म्हणून ओरडतोय. टेंचने पेशंटला तसंच सोडलंय, पुढचं काम आठवत नाही. माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझा हात पेशंटच्या तोंडात असताना मी एकदाच थांबलोय, फोनवर वडील गेल्याचं कळलं तेव्हा. टेंचला तर तो माणूस कोण हेही धड माहीत नाही, एकदा सोबत दारू प्यायला होता तेवढंच, तरी त्याला एकाएकी फार एकटं वाटतं. हे लिहिणारा माणूस फार मोठा, दुसरं काय.

शुभा_वाचते

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. त्याला जोडून एक. त्याच गावात एक आई आपल्या पोरांना लपूनछपून एका हुतात्म्याची गोष्ट वाचून दाखवते, हुआन नावाचा मुलगा, लहानपणापासून पवित्र, शेवटी गोळ्या झेलताना ख्रिस्तराजाचा जयघोष करतो. अगदी गोड गोड, आपल्याकडच्या बोधकथांसारखी. लुइसला ती ऐकून कंटाळा येतो. आणि ज्या दिवशी पाद्र्याला मारतात त्याच दिवशी त्या गोष्टीचा शेवट वाचला जातो. म्हणजे एकीकडे पुस्तकातलं हौतात्म्य आणि दुसरीकडे अंगणातलं. लेखकाने दोन्ही शेजारी ठेवलेत आणि बाजूला झालाय.

ही गोष्ट त्याने हवेतून काढलेली नाही. मिगेल प्रो नावाच्या जेझुइट पाद्र्याला १९२७ मध्ये मेक्सिको सिटीत गोळ्या घातल्या, त्याने हात पसरून तोच जयघोष केला होता आणि सरकारनेच फोटो काढून घेतले होते. ग्रीनला हे माहीत होतं. तरी त्याने कादंबरीसाठी तो शूर पाद्री घेतला नाही, हा घेतला.

माझी तक्रार मात्र आहे. मारिया. तिने पोर वाढवलं, गावाचे टोमणे खाल्ले, पोलीस आले तेव्हा हा माझा नवरा म्हणून सांगून त्याचा जीव वाचवला, आणि लेखक तिला चार पानांत उरकतो. तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळतच नाही. पापाचा भार त्याचा, पण पोर कडेवर तिच्या.

सीताबर्डीकर

शुभा, तक्रार रास्त आहे, रविवारी आमच्या गटातल्या बायकाही हेच म्हणणार. पण त्या प्रसंगातली एक गोष्ट बघ. लेफ्टनंट गावकऱ्यांना रांगेत उभं करतो, एकेकाचे हात तपासतो, आणि त्या छोट्या ब्रिगिटाला विचारतो तुझा बाप कुठला. ती बोट दाखवते. खरंच दाखवते, खोटं बोलत नाही. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप त्याला त्या दिवशी मरणातून सोडवतं. आणि त्याच पोरीवरच्या मायेमुळे त्याला पश्चात्तापही धड करता येत नाही, कारण पापाचा पश्चात्ताप करायचा म्हणजे ती नसती तर बरं झालं असतं असं म्हणायचं, आणि ते त्याच्या तोंडून निघत नाही. बाप असलेल्या कोणालाही हे कळेल. मला दोन मुली आहेत. तिशीत वाचली तेव्हा हे पान मी नुसतं उलटून गेलो होतो.

नास्तिक_नाना

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून मी बेसूर होतो. कादंबरी ताकदीची आहे, मान्य. पण निवाडा आधीच ठरलेला आहे. लेफ्टनंटला लेखक चांगला माणूस म्हणून रंगवतो, त्याची खोली साधूच्या खोलीसारखी, पोरांवर जीव, आपण भोगलं ते त्यांनी भोगू नये म्हणून धडपड, सगळं खरं. पण युक्तिवाद कोण जिंकतो? पाद्री. पकडल्यावर लेफ्टनंटला काय मिळतं? रितेपणा. शेवटी लुइस, जो आधी त्याच्या पिस्तुलाकडे कौतुकाने बघायचा, तो काय करतो? त्याच्यावर थुंकतो. डाव सुरू व्हायच्या आधीच हुकूम लेखकाने स्वतःच्या बाहीत ठेवला होता.

आणि ज्या चर्चबद्दल इतकं हळवं होताय, त्याची जमीन, त्याची फी, बाप्तिस्म्याचे पैसे, हे त्या गरीब लोकांनीच भरलं होतं. लेफ्टनंटचा राग उगाच नाही. मी स्वतः खेड्यात वाढलोय, तेराव्याच्या दक्षिणेसाठी माझ्या आईने पाटल्या मोडलेल्या पाहिल्यात.

मक्याचं_कणीस

नाना, तुमच्या बाजूने एक नागपुरी पुरावा देतो, ऐकून खूश व्हाल.

वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या शेती विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलंय. शेवटी परत आले आणि १९६७ मध्ये इथे नागपुरातच वारले. म्हणजे कादंबरीतला लेफ्टनंट ज्या नव्या मेक्सिकोचं स्वप्न बघतो, शाळा, भाकरी, जमीन, ते उभारायला आपल्या विदर्भाचा माणूस तिथे मातीत हात घालून उभा होता. आणि चापिंगोत काय आहे माहिती? जुन्या हासिएंडाचं, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याचं चॅपल, त्याच्या भिंती-छत रिव्हेराने जमिनीच्या आणि क्रांतीच्या चित्रांनी भरून टाकलं. चॅपल पाडलं नाही, आतला देव बदलला.

बाकी इतिहास सरसकट एक नाही हेही लक्षात घ्या. १९२६ ला राष्ट्राध्यक्ष कायेसच्या कायद्याने चर्चवर कडक निर्बंध आले, त्यातून १९२६ ते १९२९ क्रिस्तेरो युद्ध पेटलं. कादंबरीतलं राज्य ज्यावर बेतलंय ते ताबास्को, तिथला सत्ताधारी तोमास गारिदो कानाबाल हा सगळ्यात टोकाचा, चर्चेस पाडली, लाल शर्टवाल्या पोरांची फौज, दारूबंदी, सगळं. तो १९३५ मध्येच सत्तेवरून गेला आणि ग्रीन तिथे पोहोचला १९३८ मध्ये. तोवर मूळ माणसं उरली नव्हती, लोकांच्या आठवणी होत्या. त्यामुळे लेफ्टनंटला त्याने बघून नाही, कल्पनेने रचलाय, आणि माझ्या मते म्हणूनच तो इतका स्वच्छ आहे.

नास्तिक_नाना

खानखोजे माहीत होते पण हे चॅपलचं नव्हतं माहीत. जबरदस्त. शतशः आभार.

तर्रीपोहा

मंग भाऊ आतला देव बदलला म्हनजे देव राहिलाच ना 😄 नानासाहेब फसले.

नास्तिक_नाना

तर्रीपोहा, तुला एक प्लेट माझ्याकडून, जास्त तर्री टाकून.

वसईची_मोनिका

नाना, तुमच्या आईच्या पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं. पण पैशाबद्दल तुम्ही जे म्हणता ते पुस्तकातच आहे हो, आणि ते पाद्र्याच्या बाजूने नाही. तो सीमा ओलांडून सुरक्षित राज्यात पोहोचतो, लेहर भावंडांकडे, स्वच्छ अंथरूण, पोटभर जेवण. आणि काय होतं? दोन दिवसांत जुना फादर परत येतो. बाप्तिस्म्याच्या फीवर घासाघीस करतो, ब्रँडी ठरवतो, लोकांशी त्या जुन्या वरच्या आवाजात बोलतो. जंगलात जो माणूस झाला होता तो सुरक्षिततेत पुन्हा पदाधिकारी होतो. चर्चवर याहून कडक टीका मी वाचलेली नाही. म्हणूनच १९५३ मध्ये रोममधून या पुस्तकावर ठपका आला होता. पुढे १९६५ मध्ये पोप पॉल सहावे ग्रीनला भेटले, त्यांनी स्वतः ते वाचलेलं होतं आणि त्याकडे लक्ष देऊ नका असं सांगितलं. मामा हे फार आनंदाने सांगायचे.

आणि लेफ्टनंट हरतो असं मला नाही वाटत. पाद्री तुरुंगातून सुटतो तेव्हा लेफ्टनंट ओळख न पटलेल्या त्या म्हाताऱ्याला पाच पेसोचं नाणं देतो. एका मिस्साचे पूर्वी तेवढेच पडायचे. पाद्री थक्क होऊन म्हणतो तुम्ही भले गृहस्थ आहात, आणि ते खरं असतं. शेवटच्या रात्री लेफ्टनंट नियम मोडून त्याच्यासाठी ब्रँडी आणतो, दुसरा पाद्री पापनिवेदनाला आणायला स्वतः जातो. तो दुसरा, लग्न करून बसलेला पाद्रे होसे, बायकोच्या धाकाने येत नाही. त्या रात्री दोघांपैकी धर्माने कोण वागलं, सांगा बरं.

संत_साहित्य_प्रेमी

आपल्याकडे यासाठी शब्दच आहे, पतितपावन. ग्रीनला तो माहीत असता तर त्याने शीर्षक तेच ठेवलं असतं.

वसईची_मोनिका

शब्द सुंदर आहे, पण थोडा फरक वाटतो काका. आपल्या संतांना शेवटी भेट होते, निदान भांडायला तरी देव समोर विटेवर असतो. या पाद्र्याला शेवटपर्यंत काहीच मिळत नाही, खूण नाही, दिलासा नाही. रिकाम्या हातांनी देवाकडे निघालो, याचं त्याला दुःख होतं. आपण वाचक बाहेरून बघतो म्हणून आपल्याला ते वैभव दिसतं, त्याला नाही.

संत_साहित्य_प्रेमी

पटलं. पण रिकाम्या हातांनी गेलेला माणूस आमच्या वारीत पुष्कळ सापडेल ताई, यावर कधीतरी वेगळा धागा काढतो.

सिनेमाचं_तिकीट

यावर जॉन फोर्डने १९४७ मध्ये सिनेमा काढला होता, हेन्री फोंडा पाद्री. पण त्यात पाद्री शुद्ध करून टाकला, पोर लेफ्टनंटच्या नावावर. दारू गेली, पोर गेलं, मग राहिलं काय? फ्रेम मात्र देखण्या आहेत.

शुभा_वाचते

म्हणजे पुन्हा मारियाच्या पदरी पोर, बाप फक्त बदलला 😑

सीताबर्डीकर

मला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओसाड पडलेल्या बंगल्यात तो भुकेने पोहोचतो. तिथे एक लंगडी, मरायला टेकलेली कुत्री आणि तिच्याजवळ थोडं मांस राहिलेलं हाड. तो आधी तिला चुचकारतो, मग धमकावतो, मग ते हाड ओढून घेतो, आणि थोडं खाऊन तिच्यासाठी ठेवू असं मनाशी म्हणतो, मग अजून थोडं, मग अजून, शेवटी तिच्यापुढे नुसतं कोरडं हाड टाकतो. त्यानंतर एक आदिवासी बाई मेलेलं पोर पाठीशी बांधून रानातून क्रुसांच्या टेकडीपर्यंत चालते, पोराला तिथे ठेवते, तोंडाजवळ साखरेचा खडा ठेवते, देवाने उठवलं तर लागेल म्हणून. हा परत येतो आणि तो खडा उचलून खातो.

इथे मला त्याची किळस यायला हवी होती. आली नाही. का ते मला शब्दात सांगता येत नाहीये आणि रविवारी सांगावंच लागणार आहे.

वर्ध्याचा_पोट्टा

दादा, कारण त्याआधी तुरुंगातल्या अंधारात तो सगळ्यांना सांगून बसलेला असतो की मीच तो पाद्री, माझ्यावर सातशे पेसो आहेत, आणि त्या घाणीतले चोर-खुनी कोणीच त्याला विकत नाहीत. तिथून पुढे आपणही त्या कोठडीतलेच एक होतो. कोठडीतला माणूस भुकेला नावं ठेवत नाही.

सीताबर्डीकर

लिहून घेतलं.

फुटाळ्याकाठी

बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज लिहिते. मूळ प्रश्न मागे राहिला म्हणून.

नावाबद्दल दोन गोष्टी. ग्रीन मेक्सिकोत फिरला त्याचं प्रवासवर्णन १९३९ मध्ये आलं. त्यात एका दारुड्या पाद्र्याची ऐकीव हकीकत आहे, तो बाप्तिस्म्याच्या वेळी इतका प्यायलेला होता की मुलाला मुलीचं नाव देऊन बसला. कोणतं? ब्रिगिटा. म्हणजे या कादंबरीचं मूळ बीजच चुकीच्या नावात आहे. तो पाद्री कोण, त्याचं नाव काय, कोणाच्या लक्षात नव्हतं, पण त्याने पिऊन दिलेलं नाव राहिलं, आणि ते लेखकाने त्याच्या मुलीला दिलं.

दुसरी गोष्ट शेवटच्या पानावरची. पाद्र्याला मारलं, लुइस झोपलाय, दारावर थाप पडते. बाहेर एक नवा परका माणूस, हातात छोटी पेटी. मी पाद्री आहे म्हणतो. आणि माझं नाव फादर, एवढं म्हणून पुढचं सांगणार, तोवर त्या पोराने दार सताड उघडून त्याच्या हातावर ओठ टेकवलेले असतात. नाव येतच नाही. पुस्तक तिथेच संपतं.

नाना, तुम्ही म्हणता हुकूम बाहीत होता. असेल. पण त्या पोराने नाव विचारलं नाही. तो माणूस दारुडा आहे, भित्रा आहे, चांगला आहे, काहीच माहीत नाही. मोनिकाताईंच्या आजीचा पोस्टमन.

नास्तिक_नाना

शेवटचं पान आत्ता परत काढून वाचलं. नाव खरंच नाही. बाकी मतं माझी कायम आहेत, पण हे मी दोनदा वाचूनही पाहिलं नव्हतं.

दातांचा_डॉक्टर

आणि पहिल्या प्रकरणात बोट सुटायच्या आधी असंच एक पोर येतं, आई मरायला टेकलीय म्हणून, आणि हा बोट सोडून त्याच्यामागे जातो. मेस्तिसो सापळा घेऊन येतो तेव्हाही हा कळून-सवरून परत फिरतो. प्रत्येक वेळी कोणीतरी दाराशी येतं. शेवटी पहिल्यांदाच दार आतून उघडतं आणि बाहेर तो उभा असतो. फुटाळ्याकाठी, तुम्ही रोज लिहा हो.

सीताबर्डीकर

फुटाळ्याकाठी, तुम्ही नागपूरच्याच आहात असं नावावरून वाटतं. रविवारी संध्याकाळी सहाला या ना, धरमपेठ, पत्ता व्यनि करतो. मोनिकाताई, तुम्हीही, आणि नाना तर हवेतच. माझं टिपण मी फाडलंय, पहिलं वाक्य आता दारापासून सुरू करणार.

फुटाळ्याकाठी

येते. आईला बघायला बाई आठपर्यंतच थांबते, तेवढा वेळ चालेल का?

सीताबर्डीकर

साडेपाचला सुरू करू.

तर्रीपोहा

कोनाकडे एक्स्ट्रा प्रत हाये का? माझी शेजारच्या काकांनी नेली ती दिवाळीपासून तिकडेच हाये, आता हे सगळं वाचून मले आज रात्रीच शेवटचं पान पाहिजे.